बोगदा बंद होता ते पाच दिवस

सन दोन हजार चोवीस. कागदावर माझं वय एकाहत्तर होतं. खरं किती ते सांगायला आता कुणी उरलं नाही. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं तारीख टाकली, आणि ती शाळाही मी तिसरीत सोडली. तेव्हा इथं जे लिहितोय ते जसं येतं तसं लिहितोय. कुणाला सुधारावंसं वाटलं तर मनात सुधारून घ्यावं, मला सांगायला येऊ नये.

आमची खोली सोलापुरात, पूर्व भागात. एके काळी या गल्लीतून चालताना पायाखालची फरशी थरथरायची, इतके माग चालू असायचे. मी मोडनिंबकडच्या वाडीतला, पण चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढली. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. दोन डझन माग एकदम सुरू असले की शेजारच्यानं कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळत नाही. म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. ओठ हलवायचे, बोटं हलवायची, आणि डोळ्यानं ऐकायचं. सूत तुटलं, चहा आला, मालक आला, सगळं ओठावर. आमचं लग्न ठरायच्या आधी आम्ही दोघं अख्ख्या कारखान्यासमोर महिनाभर बोलत होतो आणि आवाज एकाचाही निघाला नव्हता.

कान कधी गेले ते कळलं नाही. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या खटखटीत ते हळूहळू गेले आणि माग बंद झाल्यावर लक्षात आलं की आता ही शांतता माग बंद झाल्याची नाही, आपलीच आहे. पण बहिरा हा शब्द मी स्वतःला कधी लावू दिला नाही. समोर माणूस असला की ओठ दिसतात, काम भागतं. पाठीमागून कुणी बोललं तर कळत नाही, पण म्हाताऱ्या माणसानं वळून पाहिलं नाही तर लोक त्याला कडक म्हणतात, आणि कडक म्हणवून घ्यायला माझी हरकत नव्हती. राहिला फोन. फोनवर ओठ नसतात. तिथं मी एक रीत बसवली होती. पलीकडचा थांबला की "व्हय" म्हणायचं. पुन्हा थांबला की "बरं". आवाज चढल्यासारखा वाटला तर "बगू की". एवढ्या तीन शब्दांवर मी कित्येक वर्षं जगाशी बोललो आणि कुणाला संशय आला नाही. माझ्या मुलालासुद्धा नाही.

मुलगा अकरा वर्षांपूर्वी आखातात गेला. मोठमोठ्या इमारतींची हवा थंड करणारी यंत्रं असतात, ती दुरुस्त करतो. एका खोलीत पाच जण राहतात. तिकडच्या सरकारनं नेटवरून तोंड दाखवून बोलायचं बंद करून टाकलंय. साधा फोन लागतो, लिहिलेलं येतं-जातं, पण तोंड दिसत नाही. त्यावर त्या पोरांनी उपाय काढला. व्ही पी एन म्हणतात त्याला. सुट्टीवर घरी आला तेव्हा मुलानं मला समजावलं की ते एक ॲप असतं, ते फोनातून एक बोगदा काढतं. बोगद्यातून गेलं की फोन आखातात आहे हे वाटेत कुणाला दिसत नाही, त्यांना वाटतं माणूस सिंगापुरात बसलाय. मी विचारलं, ही चोरवाट तर नव्हे? तो हसला आणि म्हणाला, आण्णा, सगळेच जातात, तुम्ही कुणाला सांगत बसू नका. ते वाक्य मी गाठ मारून ठेवलं. आपल्या मुलाच्या हातून कायद्याबाहेरचं काही होतंय आणि ते गल्लीत कळलं तर, ही भीती मला तेव्हापासून होती.

त्या बोगद्याची वर्गणी इथून भरलेली बरी पडते म्हणून खातं माझ्या नंबरावर काढलं. माझ्या नावानं एक ईमेलही बनवला. खोलीतले पाचही जण त्या एकाच खात्यावर आपापल्या घरी तोंड दाखवायचे. म्हणजे पाच घरांचा बोगदा माझ्या नंबरावर उभा होता. याचा मला थोडा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मग त्या बोगदेवाल्या कंपनीच्या बातम्या माझ्या फोनवर येऊ लागल्या. आठ-दहा दिवसांनी एक. इंग्रजी मजकूर, वर निळं चित्र. मला आकडे वाचता येतात, इंग्रजी नाही. मुलानं सांगितलं होतं, आलं की तो बाण दाबून माझ्याकडं पुढं पाठवा. मी पाठवायचो. संध्याकाळी तो सांगायचा काय होतं ते. कुठल्या तरी देशात त्यांनी नवीन यंत्र बसवलं. ॲपचा रंग बदलला. अमक्या सणाला सूट. तुम्ही कुठं काय बघता याची आम्ही नोंद ठेवत नाही, अशी ग्वाही. मी मंडळींना म्हणायचो, बघ, सख्खा भाऊ वर्षात एक फोन करत नाही आणि ही कंपनी आठवड्याला ख्यालीखुशाली कळवते.

असं वर्षभर चाललं. एके दिवशी मुलगा कामावरून दमून आला होता. मी सकाळीच एक बातमी पुढं पाठवली होती. तो म्हणाला, "आण्णा, जाहिराती असतात हो त्या. सगळंच नका पाठवत जाऊ, माझा फोन भरतो." बोलला तो सहज. पण माझ्या जिव्हारी लागलं. मी म्हणालो, बरं, नाही पाठवत. आणि मी बरं म्हटलं की ते बरंच असतं. त्यानंतर एकही पाठवली नाही.

आता मंडळींचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यापायी आहे.

आदल्या वर्षी तिच्यावरून वारं गेलं. उजवं अंग पडलं, वाचा गेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ज्या ओठांवरून मी जन्मभर तिचं बोलणं वाचलं ते ओठ मला वाचता येईनात. अर्धं अक्षर उमटायचं, अर्धं विरायचं. दवाखान्यातून घरी आणलं तर ती जेवेना. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, पण मनानं बंद केलंय. तेव्हा मुलानं तो प्रकार सुरू केला. रोज संध्याकाळी साडेसात वाजता बोगद्यातून त्याचं तोंड यायचं. तो आपलं ताट फोनसमोर मांडायचा आणि म्हणायचा, "आये, आ कर." ती आ करायची. मी इकडून घास घालायचो. तो तिकडं खायचा, ती इकडं खायची. आधी मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. तो थांबला की ती थांबायची. एका घासाला ती रेंगाळली तर तोही हातातला घास तसाच धरून बसायचा. त्याचं जेवण व्हायला तासभर लागायचा, पण त्यानं एक संध्याकाळ चुकवली नाही. सकाळी ती चहा आणि चार चमचे पेज घ्यायची, तीही आता संध्याकाळी तो दिसणार या भरवशावर, असं मला वाटतं. त्या एका वेळच्या जेवणावर ती तगून होती.

त्या उन्हाळ्यात कंपनीची एक बातमी आली. वर निळ्याच्या जागी लाल पट्टी होती. मी पाहिली. लाल पट्टी आहे, काही वेगळं असेल, हे मला कळलं होतं. हे मी आज कबूल करतो. पण मनात म्हटलं, फोन भरतो ना त्याचा. चार दिवसांनी पुन्हा तीच आली, मग पुन्हा एकदा, आणि या खेपेला मोठ्या आकड्यांत तारीख. मी फोन उलटा करून ठेवला.

सोमवारी साडेसातला त्याचं तोंड आलं नाही.

तिला उशीला टेकवून बसवलं होतं, गळ्याशी पंचा बांधला होता, ताट मांडलं होतं. फोन अंधारलेला. पाऊण तासानं साधा फोन आला. मी उचलला. पलीकडं कुणीतरी पाण्याखालून बोलत असावं असा आवाज. मुलगाच असणार, दुसरा कोण करतो. तो थांबला, मी व्हय म्हटलं. तो बराच वेळ बोलला. मी बरं म्हटलं. शेवटी त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण आवाज वर गेला. मी म्हटलं, व्हय, व्हय. फोन बंद झाला. मी फोन तिच्या कानाला लावला नाही, कारण तिचेही कान माझ्यासारखेच गेलेले. आवाजातला मुलगा तिच्या काही कामाचा नव्हता.

घास पुढं केला तर तिनं दात आवळले.

नंतर कळलं ते असं की कंपनीनं जुनं ॲप बंद केलं होतं. नव्यात सगळ्यांनी पुन्हा शिरायचं, आणि शिरताना खातं ज्याच्या नंबरावर आहे त्याच्याकडं सहा आकडे येणार, ते टाकायचे. लाल पट्टीत हेच महिनाभर आधी लिहिलं होतं. ते आकडे माझ्याकडं आले. सोमवारी तीनदा आले, मंगळवारी चारदा. आणि मी काय केलं?

माझ्याबरोबर मागावर असलेल्या एका जोडीदाराचं पेन्शन असंच गेलं होतं. कुणी फोन केला, गोड बोलला, सहा आकडे विचारले, यानं सांगितले. तेव्हा माझ्याच मुलानं मला तोंडावर बजावलं होतं, की आण्णा, हे आकडे कुणाला द्यायचे नाहीत, माझ्या नावानं मागितले तरी द्यायचे नाहीत. आणि मी शब्द दिला होता. आता आकड्यांवर आकडे येऊ लागले तसं मला वाटलं, चोर लागला. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, घे, किती खटाटोप करतोस तो कर.

मुलगा रोज साधा फोन करत होता. मी रोज व्हय म्हणत होतो. तो लिहूनही पाठवत होता, पण इंग्रजी अक्षरांत. त्या पोरांना मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच लिहायची सवय. मी त्याखाली आंगठा दाबायचो. आंगठ्याचं चित्र जायचं. कुणाचंही काहीही आलं तरी मी आंगठाच दाबायचो.

मंगळवारी तिनं चहाही नाकारला. ओठाला ओलं फडकं लावलं तर तेवढं चोखायची. मी त्याचा फोटो फळीवरून काढून तिच्यासमोर धरला. तिनं पाहिलं आणि नजर फिरवली. फोटो आ कर म्हणत नाही, घासाची वाट बघत नाही.

बुधवारी गल्लीतले डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. त्यांनी तोंडावरचा रुमाल न काढता मला दोन-तीन गोष्टी विचारल्या. मी व्हय म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, शुक्रवारपर्यंत जेवल्या नाहीत तर मोठ्या दवाखान्यात, नळी. सगळं मराठीत लिहिलं होतं, नळी हा शब्द मी दोनदा वाचला.

त्या दिवशी दुपारी मी एक वेडेपणा केला. मुलाचा एक जुना निळा सदरा पेटीत होता. तो मी घातला. छातीवर गुंड्या लागेनात. मी तिच्यासमोर बसलो, ताट मांडीवर घेतलं, त्याच्यासारखी मान थोडी कलती केली आणि ओठ मोठे हलवून म्हणालो, "आये, आ कर." ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा चांगला अर्धा ओठ हलला. ती हसली. वारं गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मला वाटलं, जमलं. मी घाईनं घास पुढं केला. तिनं डावा हात उचलून तो बाजूला सारला आणि त्याच हातानं माझ्या छातीवरचा कापडाचा ताण चाचपला, जसं सुताचा दर्जा बघतात तसं. मग डोळे मिटले.

गुरुवारी मी तिच्यावर चिडलो. लिहायला नको वाटतं, पण टाळलं तर बाकीचं लिहिलेलं खोटं ठरेल. चमचा मी जबरदस्तीनं दातांत घातला. पेज घशात गेली नाही, ठसका लागला, ती निळी पडली. मी तिला पालथी करून पाठ चोळत राहिलो आणि तोंडानं शिव्या देत राहिलो, तिला की मला ते ठाऊक नाही. शांत झाली तेव्हा तिच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं. दुसऱ्यातून येतच नाही आता. तेवढ्यात फोन थरथरू लागला. पुन्हा आकडे, पुन्हा साधा फोन, पुन्हा आकडे. मी बटण दाबून फोनच बंद करून टाकला. त्या चोराचा मला इतका संताप आला होता की दुसरं काही सुचत नव्हतं.

कुणाला विचारावं हे मनात आलं नाही असं नाही. भिंतीपलीकडं एक बाई राहतात. उर्दू शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात. इंग्रजी वाचतात, मराठी बोलतात, रागावल्या की आपल्या भाषेवर जातात. मंडळींना कुशीवर वळवायला त्या अधूनमधून यायच्या. पण त्यांना फोन दाखवायचा म्हणजे बोगद्याचं सांगायचं, मुलाची चोरवाट सांगायची, आणि मला इतके दिवस काय कळलं नाही तेही सांगायचं. हे तिन्ही माझ्यानं होईना. चार दिवस ती उपाशी होती आणि मी भिंतीशी बसून माझी अब्रू राखत होतो.

शुक्रवारी दुपारी त्या बाई आपणहून आल्या. दारातून त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि चप्पल काढायची विसरल्या. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. त्यांनी मला विचारलं, मुलाला कळवलंय का. हे मी ओठांवर वाचलं. म्हणालो, त्याचा रोज फोन येतो. त्यांनी फोन मागितला. मी द्यायला तयार नव्हतो. मग त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं जशी त्या वर्गातल्या पोरांकडं पाहत असतील. मी दिला.

त्यांनी फोन सुरू केला, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, म्हणून मलाही कळत गेलं. आण्णा, कोड पाठवा. आण्णा, तुम्ही हो म्हणालात, अजून आला नाही. आण्णा, आई जेवली ना? आण्णा, कोडची मुदत लवकर संपते, आल्या आल्या पाठवा. आण्णा, फोन का बंद केला. आण्णा.

बाईंनी मान वर केली.

"चाचा, इत्ते दिन से माँगरा वो. जवाब कायकू नै दिया?"

"मला त्यातलं वाचता येत न्हाय."

"फोन तो उठाया ना तुमने? उसमें बोला होगा की. माँ खाई क्या करके पूछा होगा. क्या बोले तुम?"

बाहेर कुणाची तरी हातगाडी गेली असावी, फरशीतून कळलं. बाई वाट बघत होत्या. मंडळी डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, फक्त तीच एक होती जिला ठाऊक होतं.

"व्हय म्हणालो," मी म्हणालो. "मला ऐकू येत न्हाय. फोनवर काईबी ऐकू येत न्हाय मला."

"कबसे?"

"माग बंद झाल्यापास्नं. त्याच्या आदीपास्नं."

बाई खाली बसल्या. थोडा वेळ त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाल्या, "और मैं समझी चाचाकू घमंड है. दस साल से पीछे से सलाम करतूँ, देखते बी नै."

"घमंड बी हाय," मी म्हणालो.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. दहाच मिनिटांचं काम होतं ते. बाईंनी मुलाला साधा फोन लावला, त्या बोलल्या, त्यांनी ऐकलं. आई चार दिवस जेवली नाही हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईच्या जेवणाबाबत इतके दिवस तो निर्धास्त होता, कारण त्यानं रोज विचारलं होतं आणि मी रोज व्हय म्हटलं होतं. त्याला ठाऊक असतं तर शेजारच्या खोलीतल्या कुणाचाही फोन मागून त्यानं सोमवारीच तोंड दाखवलं असतं. सहा आकडे आले. बाईंनी ते मला दाखवले आणि विचारलं, देऊ? मी दिलेला शब्द त्यांना माहीत नव्हता, पण विचारलं. मी मानेनंच द्या म्हटलं.

आणि त्याचं तोंड आलं. कामाच्या कपड्यांत, डोक्यावर पिवळी कडक टोपी, मागं लोखंडी जिना. दाढी वाढलेली. बाईंनी फोन तिच्यासमोर धरला. तिनं ओळखलं. डावा हात पांघरुणातून वर आला आणि काचेवर त्याच्या गालाच्या जागी टेकला. त्याच्यासमोर ताट नव्हतं, तरी त्यानं रिकामी मूठ तोंडाशी नेली आणि म्हणाला, "आये, आ कर."

तिनं आ केला.

मी चमचा घातला. पेज जिभेवर राहिली. घशात हालचाल होईना. तो तिकडं मूठ तशीच धरून बसलेला. तिनं प्रयत्न केला, मी पाहिलं, मानेची शीर ताठली. पेज ओठाच्या कडेनं परत बाहेर आली. मी दुसरा चमचा भरला तर बाईंनी माझं मनगट धरलं. चार दिवसांपूर्वी ती गिळू शकत होती आणि गिळत नव्हती. आता तिला गिळायचं होतं आणि अंगात ताकद नव्हती.

मुलगा फोनमधून माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाला. ओठ स्पष्ट होते. तो म्हणाला, "आण्णा, तुमी व्हय का म्हणालात?"

मी चमचा ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. बाई मग त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. मी वळून पाहिलं तर माझ्याकडं पाठ केलेली, म्हणजे मला ओठ दिसू नयेत. तो मोठेपणा त्यांनी केला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी रिक्षातून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. नाकातून नळी घालताना मला बाहेर उभं केलं. आत आलो तेव्हा नळी गालाला चिकटपट्टीनं लावली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं आणि बाईंनी मला समोर उभं राहून, हळू ओठ हलवत सांगितलं, की वाचतील. पण तोंडानं परत खातील का ते आता सांगता येत नाही. साडेसातला मुलाचं तोंड बोगद्यातून आलं. ती झोपलेली होती. मी फोन तिच्याकडं धरून उभा राहिलो. त्यानं मला पुन्हा काही विचारलं नाही, आणि त्यानं विचारावं असं मला त्या वेळी फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली. नळीतून अन्न कसं घालायचं ते घरच्या माणसाला शिकवायचं होतं, आणि घरचा माणूस मी एकटाच. सिस्टरच्या तोंडावर मास्क होता. ती भराभरा बोलत होती, हातानं नळी दाखवत होती, सुई नसलेली मोठी पिचकारी दाखवत होती, उशीकडं बोट करत होती. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघू लागली. माझ्या तोंडात व्हय आला होता. खालचा ओठ दाताला टेकलासुद्धा होता.

मी म्हणालो, "सिस्टर, मी बहिरा हाय. ते तोंडावरचं काढा आन् पयल्यापासून परत सांगा."

शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला आणि पहिल्यापासून सांगितलं. आधी डोकं वर करायचं, नळी जागेवर आहे का ते बघायचं, अन्न कोमट हवं, सावकाश सोडायचं, आणि नंतर लगेच आडवं करायचं नाही. एक गोष्ट निसटली, ती मी आणखी दोनदा विचारली. मग पिचकारी हातात घेतली आणि मंडळींच्या उशाशी बसून मी तिला सकाळचं घातलं.